मासळीचे नाव ॲट्रिब्यूटमध्ये ठेवावे की एलिमेंटमध्ये? (एक्सएमएल रचनेविषयी सल्ला हवा आहे)

दांडी_किनारा

नमस्कार. मालवणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर कोणत्या गावात कोणत्या मासळीला काय म्हणतात, ती कधी मिळते, कशी विकली जाते आणि घरात कशी रांधली जाते, याच्या नोंदी आम्ही चार-पाच जण गेली दोन वर्षे वह्यांमध्ये करीत आहोत. या वह्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे मजकुराभोवती टॅग नावाच्या खुणा लावून माहिती साठवण्याच्या स्वरूपात, उतरवण्याचे काम आता माझ्याकडे आले आहे आणि मी पहिल्याच पायरीवर अडले आहे. कोणती गोष्ट एलिमेंट (टॅगने वेगळा केलेला भाग) करावी आणि कोणती ॲट्रिब्यूट (टॅगच्या आतच नाव="किंमत" अशी लिहिलेली माहिती), असे विचारले की 'ज्याची त्याची आवड' एवढेच उत्तर मिळते. माझा अनुभव मात्र वेगळा आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

टॅगची नावे देवनागरीत ठेवता येतात हे कळल्यावर मला फार आनंद झाला आणि मी पहिली रचना अशी केली:

<मासळी नाव="सुरमई" दुसरे-नाव="इसवण" गाव="मालवण" वजन="२ किलो" कृती="..."/>

एका ओळीत एक नोंद, म्हणजे वहीतल्या तक्त्यासारखेच. खेकड्याची नोंद करताना मी 'नाव' म्हणून चिंबोरी आणि 'दुसरे-नाव' म्हणून कुर्ली लिहिले. आमच्या गावातल्या ज्या मावशींनी ही माहिती दिली त्यांना मी पडद्यावर ती नोंद दाखवली, तेव्हा त्यांनी विचारले, "आमी कुर्लीच म्हणतंव, मगे ता दुसरा नाव कसा?" माझ्याकडे उत्तर नव्हते. रायगडाकडे चिंबोरी म्हणतात, आमच्याकडे कुर्ली म्हणतात, आणि यातले पहिले कोणते व दुसरे कोणते हे ठरवण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. तो निर्णय माझ्या रचनेने माझ्या नकळत घेतला होता.

दुसरी अडचण अधिक वाईट होती. तिरफळे घालून केलेल्या बांगड्याच्या तिखल्याची कृती त्याच मावशींनी पायरीपायरीने सांगितली होती आणि मी ती 'कृती' या ॲट्रिब्यूटमध्ये ओळीखाली ओळ अशी लिहिली होती. फाइल प्रोग्रॅममधून वाचल्यावर सगळ्या ओळी एकमेकींना चिकटून एकच लांब ओळ झाली. मूळ फाइल उघडली तर ओळी जागच्या जागी दिसत होत्या. एक पूर्ण दिवस मी एडिटरला दोष देण्यात घालवला. हे असे का होते, आणि यापुढे मी कोणत्या कसोटीवर ठरवावे?

खाडीपलीकडचा

ताई, दोष एडिटरचा नाही आणि आपण वापरलेल्या प्रोग्रॅमचाही नाही. ॲट्रिब्यूटच्या किमतीत थेट लिहिलेली नवी ओळ किंवा टॅब असेल तर पार्सरने (फाइल वाचून तिचे भाग वेगळे करणाऱ्या साधनाने) तिथे साधी मोकळी जागा ठेवावी आणि मगच ती किंमत प्रोग्रॅमच्या हाती द्यावी, असा नियम १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एक्सएमएल १.० च्या शिफारशीतच घातलेला आहे. डीटीडीमध्ये (फाइलमध्ये काय कुठे चालेल हे सांगणाऱ्या नियमावलीत) त्या ॲट्रिब्यूटला साध्या मजकुराऐवजी ओळखचिन्हाचा किंवा एकशब्दी प्रकार दिला असेल, तर पार्सर त्याच्याही पुढे जाऊन आजूबाजूची मोकळी जागा छाटतो आणि मधल्या अनेक जागांची एक जागा करतो. नव्या ओळीचा अंकसंकेत (त्या चिन्हाचा आकड्यांतला कोड) लिहिला तर ती टिकते हे खरे, पण हाताने लिहिलेल्या पाककृतीत प्रत्येक ओळीअखेर अंकसंकेत घालण्याची वेळ येणे, हेच मजकूर चुकीच्या जागी ठेवल्याचे लक्षण मानावे. एलिमेंटच्या आतल्या मजकुरातली ओळ पार्सर तशीच पुढे देतो.

'दुसरे-नाव' हा प्रकार का करावा लागला, याचेही कारण व्याकरणातच आहे. एका एलिमेंटवर एकाच नावाचे ॲट्रिब्यूट दोनदा लिहिता येत नाही. तसे लिहिले तर स्कीमा (रचनेचे नियम) तपासण्याचा प्रश्नही उरत नाही, कारण फाइल मुळातच एक्सएमएल म्हणून नाकारली जाते. त्यामुळे माणूस दुसरे-नाव, तिसरे-नाव, चौथे-नाव अशी शिडी बांधू लागतो. काही जण एकाच किमतीत स्वल्पविराम देऊन सगळी नावे भरतात, आणि मग ते स्वल्पविराम सोडवण्याचे काम पार्सरकडून प्रत्येक प्रोग्रॅमकडे जाते. उलट, <नाव> हे एलिमेंट हवे तितक्या वेळा येऊ शकते.

क्रमाविषयीही सावध राहावे. ॲट्रिब्यूटच्या क्रमाला एक्सएमएलमध्ये काहीही अर्थ नाही. डिजिटल सहीसाठी जे प्रमाणित रूप काढतात त्यात तर ॲट्रिब्यूट वर्णक्रमाने लावून टाकतात. एलिमेंटचा क्रम मात्र राखला जातो, म्हणून कृतीची प्रत्येक पायरी आपण <पायरी> अशा स्वतंत्र एलिमेंटमध्ये ठेवावी. मोकळ्या ओळीवर अवलंबून राहण्यापेक्षा ते कितीतरी भक्कम आहे.

आडवाट_दापोली

वरील उत्तर तांत्रिक दृष्टीने पूर्ण आहे, तरी मावशींच्या प्रश्नाला ते पुरेसे उत्तर देत नाही असे मला वाटते. मी जुन्या कागदपत्रांच्या लिप्यंतराचे काम करतो आणि आमच्या कामात एक जुनी कसोटी आहे: फाइलमधले सगळे टॅग काढून टाकले तर मागे जे उरेल ते मूळ मजकूर म्हणून वाचता आले पाहिजे. त्या कागदावर ज्या माणसाने लिहिले त्याचे शब्द एलिमेंटच्या आत राहतात, आणि त्या शब्दांविषयी आपण जे म्हणतो ते ॲट्रिब्यूटमध्ये जाते. मार्कअपची (मजकुरावर टॅग लावण्याची) ही सगळी परंपरा १९८६ सालच्या एसजीएमएल या प्रमाणापासून आलेली आहे. तिथे मूळ वस्तू म्हणजे दस्तऐवज होता, आणि टॅग ही त्याच्या कडेला पेन्सिलीने केलेली खूण होती.

आपल्या पहिल्या नोंदीवर ही कसोटी लावून पाहा. टॅग काढले की काहीच उरत नाही. सुरमई नाही, इसवण नाही, मालवण नाही, मावशींची कृतीही नाही. ज्यांच्याकडून ऐकले त्यांचे सगळे बोलणे आपण खुणेच्या जागी लिहिले आणि पान कोरे ठेवले.

एक उदाहरण देतो. एखाद्या तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) सांगितले की नारळी पौर्णिमेच्या दिवशी पहिली होडी लोटली. शोधण्यासाठी आणि क्रम लावण्यासाठी आपल्याला तारीख हवी असते. अशा वेळी मी असे लिहितो:

<दिवस प्रमाण="२०२४-०८-१९">नारळी पौर्णिमेच्या दिवशी</दिवस>

आत त्याचे शब्द आहेत आणि ॲट्रिब्यूटमध्ये माझे गणित आहे. उद्या माझे गणित चुकले असे सिद्ध झाले तर मी ॲट्रिब्यूट दुरुस्त करीन आणि त्याच्या शब्दाला हात लावावा लागणार नाही. टीईआय या मानव्यविद्यांच्या क्षेत्रातील मार्गदर्शक संहितेत तारखांची नोंद नेमकी याच पद्धतीने होते, आणि मला ती पद्धत फार न्यायाची वाटते. कोण बोलले आणि कोणी टिपले, हा फरक तिथे रचनेतच दिसतो.

म्हणून आपल्या नोंदीत चिंबोरी आणि कुर्ली ही दोन्ही <नाव> एलिमेंट असावीत, दोन्ही एकाच पातळीवर असावीत, आणि ते नाव कोणत्या गावात ऐकले हे त्यावरील ॲट्रिब्यूटने सांगावे.

मचवा

दोन्ही उत्तरे पटली, पण त्यावरून कोणी 'सगळे एलिमेंटच करा' असा अर्थ काढू नये म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी होडीच्या जीपीएसमधून निघणाऱ्या जीपीएक्स फाइलींवर काम करतो. त्या स्वरूपात मार्गावरील प्रत्येक बिंदूचे अक्षांश आणि रेखांश ॲट्रिब्यूटमध्ये असतात, तर उंची आणि वेळ ही आतली एलिमेंट असतात. मराठीत सांगायचे तर असे:

<बिंदू अक्षांश="१६.०६" रेखांश="७३.४७"><वेळ>...</वेळ></बिंदू>

सुरुवातीला ही रचना मला विसंगत वाटत असे. काम करता करता तिच्यातली शिस्त लक्षात आली. अक्षांश-रेखांशाशिवाय बिंदू हा बिंदूच नाही, ते प्रत्येकी एकदाच येतात, त्यांना पोटभाग नाहीत आणि पुढे होण्याची शक्यताही नाही. वेळ आणि उंची मात्र ऐच्छिक आहेत. एका रात्रीच्या मासेमारीत हजारो बिंदू जमतात, तिथे प्रत्येक आकड्याभोवती उघडणारा आणि मिटणारा टॅग लावला तर फाइल वाचणाऱ्या माणसाला आकडेच दिसत नाहीत.

मोठी फाइल ओघाने वाचणाऱ्या पार्सरचाही विचार करावा. एलिमेंट सुरू झाल्याचे तो कळवतो त्याच क्षणी त्यावरची सगळी ॲट्रिब्यूट हाती असतात, पण आतली एलिमेंट एकेक करून नंतर येतात. म्हणून 'ही नोंद मला हवी आहे की पुढे जाऊ' हे ज्या माहितीवर ठरते, ती ॲट्रिब्यूटमध्ये असणे सोयीचे पडते. आपल्या कामात नोंदीचा क्रमांक आणि कदाचित जिल्हा हे तसे आहेत.

उलट टोकाचे उदाहरण म्हणून एसव्हीजी चित्रे (एक्सएमएलमध्येच लिहिलेली रेषाचित्रे) पाहावीत. त्यात एका रेषेचा सगळा मार्ग, सगळे बिंदू आणि वळणे, एकाच ॲट्रिब्यूटमध्ये अक्षरे आणि आकड्यांच्या छोट्या भाषेत लिहिलेली असतात. फाइल त्यामुळे लहान राहते हा मोठा लाभ आहे, पण एक्सएमएलची कोणतीही साधने त्या मार्गाच्या आत पाहू शकत नाहीत आणि प्रत्येकाला त्या भाषेचा वेगळा वाचक लिहावा लागतो. चित्रासाठी तो सौदा परवडतो. लोकांकडून ऐकलेल्या माहितीसाठी परवडेल असे मला वाटत नाही.

श्रीवर्धन_सुपारी

मी भाषांतराच्या बाजूने एक मुद्दा जोडते, कारण या नोंदी पुढे इंग्रजीत आणि कोकणीतही जाव्यात असे वाटणारे आपल्यात बरेच जण असतील. मजकूर कोणत्या भाषेत आहे हे सांगणारे एक राखीव ॲट्रिब्यूट एक्सएमएलमध्ये आहे, आणि ते ज्या एलिमेंटवर लावाल त्याच्या आतल्या सगळ्या मजकुराला लागू होते. अडचण अशी की ॲट्रिब्यूटच्या किमतीला स्वतःचे ॲट्रिब्यूट असू शकत नाही. वर्णन प्रमाण मराठीत आणि त्यात मध्येच मालवणीतले एक वाक्य, असा मजकूर ॲट्रिब्यूटमध्ये असेल तर ते वाक्य वेगळ्या बोलीतले आहे हे सांगण्याची सोयच राहत नाही.

वेबपानांवर ज्यांनी चित्रांना पर्यायी मजकूर दिला असेल त्यांना हे चांगले ठाऊक असेल. एचटीएमएलमध्ये तो मजकूर ॲट्रिब्यूटमध्ये जातो, त्यामुळे त्यातला एखादा शब्द ठळक करता येत नाही किंवा तो परभाषेतला आहे अशी खूणही करता येत नाही. चित्राखालची ओळ आतल्या एलिमेंटमध्ये असते, म्हणून तिला हे सगळे करता येते. भाषांतर करावा लागेल असा मजकूर ॲट्रिब्यूटमध्ये ठेवू नये, ही सूचना वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या आंतरराष्ट्रीयीकरणाविषयीच्या मार्गदर्शनातही दिलेली आहे. माझ्यापुरता मी तिचा अर्थ असा लावते की जे वाक्य कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवेल, त्याची जागा एलिमेंटच्या आत आहे.

दांडी_किनारा

सर्वांचे मनापासून आभार. मी काल रात्री बसून नावे आणि कृती नव्याने मांडल्या, आणि मावशींची कृती पायऱ्यांसह वाचता आली याचे मला किती समाधान वाटले ते शब्दांत सांगता येत नाही.

आता दोन शंका उरल्या आहेत. पहिली मोजमापाची. वजन किलोत असेल तर <वजन एकक="किलो"> असे ठीक वाटते. पण बंदरावरच्या लिलावात टोपली असते आणि बाजारात बायका वाटे लावून बसतात. वाटा हे एकक आहे का? दुसरी शंका अशी की नोंदींना क्रमांक देताना मी ओळख="१२" असे लिहिले, तेव्हा डीटीडीची तपासणी करणाऱ्या साधनाने ते नाकारले. आकडा चालत नाही का?

खाडीपलीकडचा

दुसरीचे उत्तर आधी देतो. डीटीडीमध्ये ओळखचिन्ह म्हणून घोषित केलेल्या ॲट्रिब्यूटची किंमत ही एक्सएमएलच्या दृष्टीने 'नाव' असावी लागते आणि नावाची सुरुवात आंतरराष्ट्रीय अंकाने करता येत नाही, आणि जुन्या आवृत्त्यांच्या नियमांप्रमाणे देवनागरी अंकानेही करता येत नाही. 'म-१२' चालेल. ती किंमत संपूर्ण फाइलमध्ये एकदाच यावी लागते, म्हणजे 'म-१२' ही मासळी असेल तर त्याच ओळखीचे गाव असू शकत नाही. म्हणून मासळीला म, गावाला ग आणि सांगणाऱ्या व्यक्तीला स अशी सुरुवात ठेवावी. ओळख आणि तिच्याकडे बोट दाखवणारा संदर्भ, या दोन्ही गोष्टी डीटीडीमध्ये केवळ ॲट्रिब्यूटलाच शक्य आहेत, तेव्हा इथे निवडीचा प्रश्नच नाही.

याच संदर्भात मराठीत काम करणाऱ्यांना एक इशारा द्यावासा वाटतो, कारण मी स्वतः त्यात दोन दिवस घालवले आहेत. 'तिसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ्य' दोन प्रकारे टंकित होतो: काही कळफलक नुक्तावाला 'ऱ' वापरतात, तर काही साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, पण पार्सर अक्षरांचे संकेतांक जुळवतो आणि त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. ओळख एका पद्धतीने आणि संदर्भ दुसऱ्या पद्धतीने लिहिला तर दुवा तुटतो. युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणानेही हे दोन एक होत नाहीत. शिवाय एक्सएमएल १.० च्या २००८ सालच्या पाचव्या आवृत्तीपूर्वीच्या नियमांप्रमाणे ते न दिसणारे चिन्ह टॅगच्या नावात चालतच नाही. तेव्हा ओळखीत आणि टॅगच्या नावांत 'ऱ्य' येऊच देऊ नये. आतल्या मजकुरात तो निःशंकपणे लिहावा, तिथे कोणतेही बंधन नाही.

देवनागरी अंकांचेही तसेच आहे. इथे वाचायला सोपे जावे म्हणून आपण सगळे १६.०६ असे लिहीत आहोत, परंतु स्कीमात ती किंमत दशांश संख्या म्हणून घोषित केली तर केवळ आंतरराष्ट्रीय अंकच स्वीकारले जातात. फाइलमध्ये तसे लिहावेत आणि दाखवताना देवनागरी करावेत.

मोजमापाचे म्हणाल तर एकक ॲट्रिब्यूटमध्येच योग्य आहे. व्यापारी कागदपत्रांच्या यूबीएल या प्रमाणातही रक्कम एलिमेंटच्या आत आणि चलन ॲट्रिब्यूटमध्ये असते. फक्त 'एकक दिले नसेल तर किलो समजावे' अशी मुभा बाहेरच्या डीटीडी फाइलमध्ये ठेवू नये. तपासणी न करणाऱ्या पार्सरने बाहेरची फाइल वाचलीच पाहिजे असे बंधन नाही, आणि त्याने ती वाचली नाही तर आपले किलो मुकाट्याने नाहीसे होतील.

आडवाट_दापोली

किलोबद्दल सहमत आहे, वाट्याबद्दल थोडा मतभेद आहे. किलो सगळीकडे एकच असतो, म्हणून तो नुसत्या शब्दाने सांगता येतो. वाटा विकणारीच्या हातावर, मासळीच्या आकारावर आणि त्या दिवशीच्या आवकीवर ठरतो. म्हणजे वाट्याविषयी आपल्याला स्वतंत्रपणे काही सांगायचे आहे: साधारण किती नग, कोणत्या बाजारात, कोणी सांगितले. ज्याविषयी आणखी काही सांगायचे असते ते ॲट्रिब्यूटच्या किमतीत मावत नाही, कारण तिथे पुढे वाढायला जागा नसते.

माझी सूचना अशी की 'एकक' हे ॲट्रिब्यूटच ठेवावे, पण त्यात 'वाटा' हा शब्द न लिहिता वाट्याच्या स्वतंत्र नोंदीची ओळख लिहावी. ती नोंद एलिमेंट असेल आणि तिच्या आत हवे तेवढे वर्णन मावेल.

मचवा

हे मान्य. पावसाळी बंदीपूर्वीच्या मे महिन्यातला वाटा आणि ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा समुद्रात गेल्यानंतरचा वाटा यांतही फरक असतो, तो त्या नोंदीत लिहिता येईल.

एक गोष्ट घाईने सांगतो. पुढे कोणी या नोंदी मोबाइल ॲपसाठी जेसनमध्ये (माहिती साठवण्याच्या दुसऱ्या एका स्वरूपात) नेईल. तिथे ॲट्रिब्यूट हा प्रकारच नाही, म्हणून रूपांतर करणारी साधने ॲट्रिब्यूटच्या नावापुढे एखादे चिन्ह लावतात, आणि <नाव> एकदाच आले तर साधी किंमत व अनेकदा आले तर यादी अशी दोन वेगळी रूपे देतात. एकच नाव असलेल्या मासळीवर ॲप बंद पडते ते यामुळे. रूपांतराच्या वेळी <नाव> ही नेहमी यादीच असेल असे ठरवून द्यावे. त्या भीतीपोटी एक्सएमएलची रचना मात्र बदलू नये.

दांडी_किनारा

सगळ्या सूचना घेऊन खेकड्याची नोंद आता अशी झाली आहे:

<मासळी ओळख="म-१२">
  <नाव गाव="ग-०३" स्रोत="स-०४">कुर्ली</नाव>
  <नाव गाव="ग-०९" स्रोत="स-११">चिंबोरी</नाव>
  <विक्री एकक="ए-वाटा" दिवस="२०२४-११-०६">१</विक्री>
  <कृती स्रोत="स-०४">
    <पायरी>...</पायरी>
    <पायरी>...</पायरी>
  </कृती>
</मासळी>

नावांच्या क्रमाला अर्थ नाही, ती ज्या क्रमाने ऐकली त्या क्रमाने लिहिली आहेत, असे मी स्कीमाच्या टिपेत स्पष्ट लिहिले आहे, कारण एलिमेंटचा क्रम राखला जातो म्हटल्यावर 'पहिले नाव' हा प्रश्न मागच्या दाराने परत आला असता. काही चुकले असल्यास कृपया सांगावे.

श्रीवर्धन_सुपारी

रचना उत्तम झाली आहे. एकच दुरुस्ती सुचवते. दोन्ही <नाव> एलिमेंटवर भाषेचे ॲट्रिब्यूट नाही, त्यामुळे फाइलच्या मुळावर लावलेली मराठी खाली उतरून 'कुर्ली'लाही लागू होते. मावशींचे बोलणे मालवणीत नोंदवायचे असेल तर ते त्या त्या एलिमेंटवर वेगळे सांगावे लागेल, आणि कृतीच्या पायऱ्या आपण त्यांच्या बोलीत ठेवल्या आहेत की प्रमाण मराठीत आणल्या आहेत, हेही तिथेच ठरेल.

दांडी_किनारा

पायऱ्या मी प्रमाण मराठीत आणल्या होत्या. वहीत त्यांच्या शब्दांत आहेत. उद्यापासून त्या वहीप्रमाणे पुन्हा उतरवून काढते.